अल्फा ०.९४ आलाय, तरी कमिटी विचारते व्हॅलिडिटी कुठंय?

मुक्ता_लिहिते:
नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते पण आता खरंच गाडी अडलीये म्हणून धागा काढतेय. क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएचडी चालू आहे. डिप्रेशनच्या एपिसोडमधून बरे झालेले लोक असतात ना, त्यांच्या मनात 'हे परत उलटणार' अशी जी धास्ती बसते ती मोजायचीय. कॅन्सरच्या पेशंट्समध्ये आजार परत येण्याच्या भीतीवर ढीगभर काम झालंय, पण डिप्रेशनसाठी मला हवं तसं काही मिळालं नाही, म्हणून स्वतःच स्केल (मोजमापाची प्रश्नावली) करायला घेतलं. साठेक आयटम (प्रश्नावलीतली वाक्यं) लिहिले, चार-पाच एक्सपर्टना दाखवले, गाळत गाळत चोवीस उरले. शून्य ते चार असे पाच पर्याय, म्हणजे एकूण स्कोअर ० ते ९६. दोनशेच्या वर लोकांनी भरून दिलं. क्रॉनबॅक अल्फा (आयटम आपापसात किती जुळतात यावरून विश्वसनीयता सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितकं चांगलं मानतात) ०.९४!

मला वाटलं झालं काम. तर कमिटीतल्या मॅडम म्हणाल्या, "अल्फा इतका जास्त का आला ते आधी सांग." आता जास्त आला हा गुन्हा कसा झाला ते मला काही कळेना. वर आणखी विचारलं की व्हॅलिडिटी कुठंय, म्हणजे हे भीतीच मोजतंय, उरलंसुरलं डिप्रेशन किंवा स्वभावातली काळजी मोजत नाही हे कशावरून?

नमुन्याला काही आयटम देते:
'आजार परत येईल या विचाराने मी अस्वस्थ होते/होतो.'
'आजार उलटेल की काय अशी धास्ती मनात असते.'
'परत आजारी पडण्याची मला भीती वाटते.'
'एक रात्र झोप लागली नाही तरी परत तेच सुरू झालं असं वाटतं.'
'झोप किंवा भूक बिघडली की माझं लगेच लक्ष जातं.'

पुढे हेच स्केल एका थेरपी ट्रायलमध्ये आधी-नंतर मोजायला वापरायचंय. तर आता काय काय करायला हवं? कृपया 'अमुक पुस्तक वाच' असं नको, वाचलंय, डोकं फिरलंय.

आकडेबहाद्दर:
मॅडमचा प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि त्यांनी तो व्हायवाआधी विचारला हे तुमचं नशीब समजा.

तुमचे पहिले तीन आयटम परत वाचा. एकच वाक्य तीनदा लिहिलंय. माणसाला तीनदा 'जेवलास का' विचारलं तर तिन्ही वेळा उत्तर सारखंच येणार, त्यात विश्वसनीयतेचं कौतुक काय? अल्फा वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तेच ते विचारत राहणं. दुसरा सोपा मार्ग म्हणजे आयटमची संख्या वाढवणं. आयटमचं आपापसातलं सरासरी कोरिलेशन (दोन गोष्टी किती सोबत बदलतात तो आकडा) फक्त ०.३ धरा. दहा आयटम असतील तर अल्फा येतो ०.८१, वीस असतील तर ०.९०, चाळीस केले तर ०.९४ च्या वर. आयटमचा दर्जा तोच, नुसती लांबी वाढली.

आणि आता खरी गंमत. समजा वीस आयटम आहेत, त्यातले दहा एका गोष्टीचे आणि दहा दुसऱ्या गोष्टीचे, आणि या दोन गोष्टींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, कोरिलेशन शून्य. प्रत्येक गटाच्या आतलं कोरिलेशन ०.५. अल्फा काढा. ०.८६ येतो! कागद-पेन घेऊन करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. म्हणजे 'अल्फा चांगला आला म्हणून स्केल एकच गोष्ट मोजतंय' हे जे सर्रास लिहिलं जातं ना थिसिसमध्ये, ते साफ चुकीचं आहे. क्रॉनबॅकचा पेपर १९५१ चा, तेव्हापासून लोक सांगून दमले पण तो गैरसमज काही जात नाही.

तर आधी फॅक्टर अॅनालिसिस, म्हणजे आयटमचे आपसूक किती गट (फॅक्टर) पडतात ते बघणं. किती फॅक्टर ठेवायचे ते 'आयगनव्हॅल्यू (फॅक्टरच्या वाट्याला किती फरक येतो तो आकडा) एकच्या वर' या नियमाने ठरवू नका, तो बहुतेकदा जास्त फॅक्टर काढतो. पॅरलल अॅनालिसिस करा, म्हणजे आपल्या डेटाची रँडम डेटाशी तुलना (हॉर्न, १९६५, जुनीच गोष्ट आहे, आता फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही मिळते). पाच पर्यायांचा डेटा आणि त्यात बऱ्याच लोकांनी शून्यच टिकमार्क केलं असेल, म्हणजे वितरण एका बाजूला कललेलं, तर साधं पिअरसन कोरिलेशन न घेता पॉलिकोरिक घ्या, ते अशा मोजक्या क्रमवार पर्यायांसाठीच असतं. अल्फासोबत ओमेगाही (विश्वसनीयतेचाच दुसरा आकडा) द्या, कारण सगळे आयटम मूळ गोष्टीशी सारख्याच ताकदीने जोडलेले आहेत असं अल्फा गृहीत धरतो आणि प्रत्यक्षात तसं कधीच नसतं. आणि हात जोडून सांगतो, ज्या दोनशे लोकांवर एक्सप्लोरेटरी (फॅक्टर शोधणारं) केलं त्याच दोनशे लोकांवर कन्फर्मेटरी (सापडलेले फॅक्टर पडताळणारं) करून 'मॉडेल कन्फर्म झालं' असं लिहू नका. नवीन सॅम्पल लागेल.

जुनाखोड:
मी जरा वाईटपणा घेतो. आधी हे सांगा, नवीन स्केल हवंच कशाला? नुसत्या डिप्रेशनची स्केल्स बघा. आयको फ्रीड यांनी २०१७ मध्ये नेहमीच्या वापरातली सात स्केल्स शेजारी ठेवून तपासली, त्यात मिळून ५२ वेगवेगळी लक्षणं निघाली, आणि त्यातली ४० टक्के लक्षणं फक्त एकेका स्केलमध्येच आहेत. सातही स्केल्समध्ये असलेली जेमतेम १२ टक्के. म्हणजे दोन रिसर्चर 'डिप्रेशन मोजलं' म्हणतात आणि दोघांनी मोजलेलं वेगळंच असतं. यात प्रत्येक पीएचडीवाला आपलं एक पिल्लू सोडणार, थिसिस झाला की ते स्केल कुणी ढुंकून बघणार नाही.
कॅन्सरवाल्यांचं स्केल घेऊन त्यात बदल करून आधी ते चालतं का हे बघितलंत का?

मुक्ता_लिहिते:
@जुनाखोड बघितलं हो. त्यात तपासण्या, गाठ, स्कॅनची भीती असले आयटम आहेत. आजार शरीरात आहे आणि तो आपल्याला कळतही नाही अशी ती भीती. डिप्रेशनमध्ये भीती स्वतःच्याच मनाची वाटते, आजचा वाईट मूड हा साधा मूड आहे की सुरुवात आहे हेच कळत नाही. ते त्या स्केलमध्ये कुठेच नाही. म्हणून नवीन.

जुनाखोड:
हां, हे पटलं. हे वाक्य थिसिसच्या पहिल्या पानावर टाका. खरं तर तुमच्या स्केलचा गाभाच तो आहे, पण दिलेल्या पाचांत तो पकडणारा एकच आयटम दिसतोय, चौथा. बाकीचे नुसते 'भीती वाटते, भीती वाटते'.

वॉर्डातला_माणूस:
वरच्या आकडेमोडीला सलाम, पण मला वाटतं गडबड त्याच्याही आधी झालीये. आयटम लिहिले कुणी? तुम्ही. तपासले कुणी? एक्सपर्टनी. ज्यांना ती भीती वाटते ती माणसं कुठे आहेत यात? एक्सपर्ट सांगतील की आयटम 'रिलेव्हंट' आहे, पण भरणारा माणूस तो वाचून काय समजतो हे एक्सपर्टच्या बापालाही कळणार नाही. त्यासाठी आठ-दहा जणांना समोर बसवून एकेक आयटम मोठ्याने वाचायला लावायचा आणि विचारायचं, तुम्हाला यातून काय कळलं, हेच उत्तर का निवडलं, 'कधीकधी' म्हणजे तुमच्या लेखी किती. याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. वेळखाऊ आणि कंटाळवाणं काम आहे पण यातून जे हाती लागतं ते कुठल्याच फॅक्टर अॅनालिसिसमधून लागत नाही.

तुमचा पाचवा आयटमच घ्या ना, 'झोप किंवा भूक बिघडली की माझं लगेच लक्ष जातं'. अहो हे तर आम्ही पेशंटला शिकवतो! रिलॅप्स प्रिव्हेन्शनमध्ये (आजार उलटू नये म्हणूनच्या थेरपीत) अर्धा वेळ हेच चाललेलं असतं, तुमच्या सुरुवातीच्या खुणा कोणत्या, त्या ओळखा, दिसल्या की अमुक करा, तमुक व्यक्तीला फोन करा. म्हणजे थेरपी चांगली झाली तर या आयटमचा स्कोअर वाढणार, आणि तुम्ही ट्रायलमध्ये तो 'भीती वाढली' म्हणून मोजणार. थेरपी उपयोगी पडली आणि स्केल म्हणतंय नुकसान झालं. कसं वाटतंय?

माझ्या मते तुमच्या अख्ख्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. सावध असणं वेगळं आणि धास्तावून राहणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, दोघंही झोपेकडे लक्ष ठेवून असतात. फरक पुढे काय होतं त्यात आहे. एक जण म्हणतो 'दोन रात्री झोप नाही, आज लवकर पडू या', दुसरा रात्रभर घड्याळाकडे बघत पडतो आणि दुसऱ्या दिवशी कुणाला भेटायचं टाळतो. ही दोन माणसं वेगळी काढणारे आयटम पाहिजेत.

आणि दोन दोन गोष्टी एका आयटममध्ये कोंबू नका. 'झोप किंवा भूक', कुणाची झोप बिघडते आणि भूक राक्षसासारखी लागते. नावाजलेली स्केल्सही यातून सुटलेली नाहीत. पीएचक्यू-९ (डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) मधला आठवा आयटम एकाच दमात हालचाल मंदावणं आणि त्याच्या अगदी उलट, सतत अस्वस्थपणे हलत राहणं, दोन्ही विचारतो. पाचव्यात भूक कमी किंवा खाणं जास्त. स्क्रीनिंगला ठीक आहे, बेरीजच करायचीय, पण कुणाला नक्की काय होतंय ते त्यातून कळत नाही.

आकडेबहाद्दर:
@वॉर्डातला_माणूस +१, पाचव्या आयटमचं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि आकड्यांतून ते दिसलंही नसतं कदाचित, कारण धास्तावलेला माणूसही त्याला ४ देणार, आयटम-टोटल कोरिलेशन (आयटम आणि एकूण स्कोअर यांचं) छान येणार.

तरी एक विचारतो. मुक्ता, तुम्ही बाकी काही भरून घेतलंय का सोबत? जीएडी-७ (काळजी-चिंतेची सात प्रश्नांची प्रश्नावली), पीएचक्यू-९ वगैरे?

मुक्ता_लिहिते:
हो, दोन्ही घेतलंय. जीएडी-७ शी कोरिलेशन ०.७८ आलं. मी ते 'कन्व्हर्जंट व्हॅलिडिटी उत्तम' (जवळची गोष्ट मोजणाऱ्या स्केलशी जुळतंय) म्हणून लिहिलं होतं... आता लिहिताना हात थरथरतोय.

आकडेबहाद्दर:
थरथरू द्या 🙂

०.७८ हा कच्चा आकडा आहे. दोन्ही स्केल्समध्ये थोडीफार चूक असतेच, त्यामुळे दिसणारं कोरिलेशन खऱ्यापेक्षा कमी असतं. स्पिअरमनने १९०४ सालीच याची दुरुस्ती दिलीये, दोन्ही विश्वसनीयतांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि त्याने भागा. तुमचा अल्फा ०.९४, जीएडी-७ चा तुमच्या सॅम्पलमध्ये समजा ०.८९. उत्तर येतं ०.८५ च्या आसपास. म्हणजे तुमचं स्केल बऱ्याच अंशी जीएडी-७ चंच लांबलचक रूप आहे असं कुणीही म्हणू शकतं. जे स्केल दुसऱ्याच गोष्टीचं आहे त्याच्याशी इतकं जुळणं ही अडचण आहे.

कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये हेच मांडलं. एकच गुण निरनिराळ्या पद्धतींनी मोजा आणि निरनिराळे गुण एकाच पद्धतीने मोजा, मग बघा कोण कुणाशी जुळतंय. तुमच्या केसमध्ये सगळंच सेल्फ-रिपोर्ट, सगळंच एका बैठकीत, सगळे पर्याय एकाच धाटणीचे. माणूस एकदा '२' च्या रांगेत टिक करायला लागला की करत सुटतो. त्यामुळे निदान एक तरी मोजमाप वेगळ्या वाटेने यायला हवं, एखादी इंटरव्ह्यूवर आधारलेली रेटिंग घ्या (रेटरला स्केलचा स्कोअर माहीत नको!) किंवा घरातल्या माणसाचं मत घ्या. शिवाय सहा महिने-वर्षभर पाठपुरावा करून बघा की रिलॅप्स कुणाला होतो, आणि उरलेली लक्षणं व आधीचे एपिसोड किती ते वजा करूनही तुमचा स्कोअर काही सांगतो का.

वॉर्डातला_माणूस:
शेवटच्या वाक्याशी असहमत. भीतीने रिलॅप्स ओळखलाच पाहिजे असा हट्ट का? विमानाला घाबरणाऱ्या माणसाचं विमान पडत नाही म्हणून त्याची भीती खोटी ठरत नाही ना. स्केलचा दावा 'रिलॅप्स कुणाला होईल' असा असेल तर तुमचं बरोबर. दावा 'ही भीती किती आहे' एवढाच असेल तर बघायचं ते हे की जास्त स्कोअरवाला माणूस कामं टाळतो का, औषध बंद करायला घाबरतो का, थोडा मूड गेला की डॉक्टरकडे धावतो का. आणि माझ्या अंदाजाने स्कोअर आणि रिलॅप्सचा संबंध सरळ रेषेतला नसणारच. ज्याला काहीच भीती नाही तो गोळ्या सोडून देतो, ज्याला फार आहे तो झिजतो.

आकडेबहाद्दर:
हे मान्य. मग दावा आधी लिहून काढा, मुक्ता, बाकी सगळं नंतर. मेसिक वगैरे व्हॅलिडिटीवर लिहिणाऱ्या मंडळींचं म्हणणं तेच, स्केल व्हॅलिड नसतं, स्कोअरचा अमुक अर्थ अमुक कामासाठी व्हॅलिड असतो. तुमचं काम ट्रायल आहे, त्यामुळे बदल पकडता येणं महत्त्वाचं.

ट्रायलचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो, टेस्ट-रिटेस्ट (त्याच माणसांकडून काही दिवसांनी परत भरून घेणं) केलेलं दिसत नाही. त्याशिवाय 'सुधारला' असं म्हणताच येणार नाही. समजा स्केलचं एसडी (स्कोअर किती पसरलेत तो आकडा) १८ आणि टेस्ट-रिटेस्ट ०.८५. जेकबसन-ट्रुअॅक्सच्या पद्धतीने (१९९१) काढलं तर एका माणसाचा स्कोअर १९ च्या वर बदलला तरच तो बदल नुसत्या मोजमापाच्या चुकीपलीकडचा मानता येतो. हेच गणित अल्फा ०.९४ टाकून केलं तर उत्तर १२ येतं. बघा किती फरक पडला! १५ गुणांनी उतरलेला माणूस एका हिशोबात सुधारला, दुसऱ्यात नाही. अल्फा एका बैठकीपुरता असतो, दिवसागणिक होणारी हालचाल त्यात येत नाही, त्यामुळे आधी-नंतरच्या तुलनेला तो टाकणं म्हणजे स्वतःवर मेहेरबानी.

आणि टेस्ट-रिटेस्टला पिअरसन देऊन मोकळे होऊ नका. सगळ्यांचा स्कोअर दुसऱ्या वेळी बरोब्बर पाचाने उतरला तरी पिअरसन १ च येतो. आयसीसी द्या, अॅब्सोल्यूट अॅग्रीमेंटवाला, म्हणजे दोन्ही वेळचे स्कोअर खरंच तेच आहेत का हे बघणारा.

शिकाऊ_उमेदवार:
मध्येच घुसतो, माफी. कटऑफ कसा काढायचा मग? आमच्याकडे तर सगळे विचारतात 'किती मार्काच्या वर पॉझिटिव्ह'.

जुनाखोड:
काढूच नका. निदान या टप्प्यावर तरी.
पीएचक्यू-९ चं उदाहरण घ्या. २००१ च्या मूळ अभ्यासात १० किंवा त्यावर धरलं तर सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांतले किती पकडले) आणि स्पेसिफिसिटी (निरोगींतले किती बरोबर वगळले) दोन्ही ८८ टक्के. भारी वाटतं ना? आता ज्या ठिकाणी शंभरात पाचच जणांना डिप्रेशन आहे तिथे हजार लोकांना ते द्या. ५० आजाऱ्यांतले ४४ सापडतील, पण ९५० निरोगी लोकांतले ११४ सुद्धा पॉझिटिव्ह येतील. १५८ पॉझिटिव्हमधले खरे ४४, म्हणजे चारात एकाहून थोडे जास्त. तेच स्केल, तोच कटऑफ, पण शंभरात चाळीस आजारी असलेल्या क्लिनिकमध्ये द्या, शंभर पॉझिटिव्हमधले ८३ खरे निघतात. आकडा नुसता स्केलचा नसतो, कुठे वापरताय त्याचाही असतो.
आणि ज्या निदानाशी ताडून कटऑफ काढणार ते तरी कुठे धुतल्या तांदळाचं आहे? डीएसएम-५ च्या (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) फील्ड ट्रायल्समध्ये दोन क्लिनिशियननी स्वतंत्रपणे तपासलं तेव्हा मेजर डिप्रेशनसाठी कप्पा (योगायोग वजा करून दोघांचं किती जुळलं, १ म्हणजे पूर्ण) ०.२८ आला होता.

शिकाऊ_उमेदवार:
बाप रे. वाचनखूण साठवली.

मुक्ता_लिहिते:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी वाचेल असंही वाटलं नव्हतं. तर आधी दावा लिहिते, मग पहिले तीन आयटम मिळून एक करते, पाचवा सध्या काढते आणि सावध/धास्तावलेला हा फरक पकडणारे नवीन लिहिते, तेही बरे झालेल्या लोकांशी बोलूनच. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या "वर्ष वाढेल". वाढू दे.

दोन बारीकसारीक शंका राहिल्यात. एक, रिटेस्ट किती दिवसांनी? दुसरं, काही आयटम उलटे ठेवू का ('मला आजाराची अजिबात काळजी वाटत नाही' असले), म्हणजे न वाचता टिक करणारे सापडतील?

आकडेबहाद्दर:
तुमचं स्केल 'गेल्या दोन आठवड्यांत' असं विचारत असेल तर साधारण दोन आठवड्यांनी. दोन दिवसांनी घेतलंत तर लोक आधीची उत्तरं आठवून लिहितील, दोन महिन्यांनी घेतलंत तर माणूसच बदललेला असेल. दुसऱ्या वेळी एक जादा प्रश्न टाका, 'मागच्या वेळेपेक्षा तुमची स्थिती तशीच आहे, बरी आहे की बिघडलीये', आणि आयसीसी 'तशीच' म्हणणाऱ्यांवर काढा. दुसऱ्यांदा भरताना स्कोअर आपोआप थोडा उतरलेला दिसतो बरेचदा, घाबरू नका, पण ट्रायलमध्ये कंट्रोल ग्रुप का लागतो त्याचं हेही एक कारण आहे.

उलटे आयटम मी टाळतो. त्यांचा आपला वेगळाच फॅक्टर तयार होतो आणि लोक त्याला 'आत्मविश्वास' वगैरे नाव देऊन चॅप्टर लिहितात. नकार असलेलं वाक्य आणि त्याला 'असहमत', यात चांगल्या चांगल्यांचा गोंधळ उडतो. न वाचता भरणारे पकडायचे तर 'या ओळीत ३ निवडा' असा एक साधा आयटम मध्ये घाला.

वॉर्डातला_माणूस:
आणि एक राहिलंच. नवीन आयटममध्ये 'परत तसं झालं तर जगण्यात अर्थ नाही' छापाचं काही येणार असेल, लोकांशी बोललात की येईलच, तर ते ठेवण्याआधी ठरवून ठेवा की त्याला ३-४ देणाऱ्या माणसाचा फॉर्म त्याच दिवशी कोण बघणार आणि त्याच्याशी कोण बोलणार. ऑनलाइन फॉर्म निनावी असेल तर तो आयटम घेऊच नका, कारण मग कळूनही काही करता येत नाही. एथिक्स कमिटी विचारेलच, पण त्यांनी विचारायच्या आधी तुमच्याकडे नाव आणि फोन नंबरसकट उत्तर तयार पाहिजे.